दयाराम घरत, कंसात काय?

सुरूवाडीत दयाराम घरत दोन आहेत. एकांचा बर्फाचा कारखाना आहे. त्यांना गाव 'बर्फवाले' म्हणतं आणि ते त्या नावावर खूश आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. ही हकीकत दुसऱ्या दयाराम घरतांची, म्हणजे गावातल्या हायस्कुलात हिंदी आणि भूगोल शिकवणाऱ्या दयाराम सरांची.

चौलच्या पुढे खाडीला लागून असलेल्या या गावात एकशे दहा उंबरे आहेत आणि त्यातले एकेचाळीस घरतांचे. पोस्टमनची सोय म्हणून असेल किंवा लोकांना संध्याकाळी दुसरा उद्योग नसतो म्हणून असेल, पण इथे प्रत्येक घराला एक वेगळं नाव पडतं. ते मागून मिळत नाही आणि नको म्हटल्याने जात नाही. कुणाच्या पणजोबांनी एकदा जत्रेत चौदा जिलब्या खाल्ल्या, ते घर आजही 'चौदावाले', आणि त्या घरातला सध्याचा कर्ता पुरुष मधुमेही आहे. हे नाव लग्नपत्रिकेत आडनावापुढे कंसात छापायचं अशी रीत आहे आणि ती मोडून चालत नाही. दयाराम सरांनी मोडून पाहिली होती. मुलीच्या, म्हणजे प्राप्तीच्या साखरपुड्याचं आमंत्रण त्यांनी कंस न घालता फोनवरून सगळ्यांना पाठवलं. चाळीसेक पाहुणे थेट बर्फवाल्यांच्या अंगणात जाऊन बसले, चहा प्यायले आणि नवरी कुठे आहे म्हणून विचारू लागले. बर्फवाल्यांना दोन मुलगेच आहेत.

सरांना कंस का नको होता, हे सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीपर्यंत मागे जावं लागेल, पण थोडंच. ऐन सणात कुणीतरी सरांचा फोटो लावून, सरांच्याच नावाने फेसबुकवर दुसरं खातं उघडलं आणि सरांच्या ओळखीतल्या त्रेसष्ट बायकांना 'हाय डिअर, कशी आहेस?' असा संदेश पाठवला. त्रेसष्टांत मुख्याध्यापिका सुचिता म्हात्रे मॅडम होत्या, पतपेढीतल्या बाई होत्या आणि सरांच्या सासूबाईही होत्या. सासूबाईंनी 'मी बरी आहे जावईबापू, गुडघा तेवढा दुखतो' असं उत्तर पाठवलं. सरांनी घरोघर खुलासे केले, ते खातं बंद करून घेतलं, शाळेच्या फळ्यावर सूचना लिहिली. गावाने खुलासा शांतपणे ऐकला, पटला असंही सांगितलं आणि तेव्हापासून त्यांना 'हायडिअर' म्हणायला सुरुवात केली.

आता प्राप्तीचं लग्न वैशाखात होतं आणि पत्रिका फेब्रुवारीअखेर छापायला द्यायची होती. व्याही पनवेलचे, जरा मोठ्या घरचे. त्यांच्या हातात 'आमचे येथे श्रीकृपेकरून दयाराम घरत (हायडिअर) यांची कन्या' अशी पत्रिका पडणार, या कल्पनेने सरांना जेवण गोड लागेना. त्यांच्या पत्नी कमळताई तर सरळ बोलल्या. "अहो, ते नाव पत्रिकेत आलं तर मी मांडवात उभी राहणार नाही. प्राप्तीला सांगा, आई आजारी आहे म्हणून."

अशा मनःस्थितीत जानेवारीत वरच्या कार्यालयातून पत्र आलं. प्रत्येक शाळेने 'सुरक्षित इंटरनेट पंधरवडा' साजरा करावा, विद्यार्थ्यांना ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करावं आणि नववीच्या मुलांकडून आपल्या गावाची माहिती देणारं एक वेबपेज तयार करून घ्यावं. शाळेत संगणक पाच होते. त्यातले दोन चालू, एक पाहुणे आल्यावर चालू आणि दोन सरस्वतीपूजनाला हार घालण्यासाठी.

"घरत सर, हे तुम्हीच करा," सुचिता मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझा विषय भूगोल."

"तो आहेच. पण या बाबतीत शाळेत तुमच्याइतकं अनुभवी दुसरं कुणी नाही."

मॅडमचा चेहरा गंभीर होता. तो इतका गंभीर नसता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटून गेलं.

पण घरी जाताना त्यांच्या डोक्यात वेगळाच विचार आला. सुरूवाडीत नाव बदलल्याचं एक उदाहरण होतं. एका घराला तीन पिढ्या 'रडके' म्हणत. त्या घराने सहा सिलिंडरच्या इंजिनाची होडी घेतली आणि महिन्याभरात ते 'बोटवाले' झाले. म्हणजे जुन्या नावावर मोठं काम ठेवलं की जुनं नाव दबतं. आपण गावाला इंटरनेट शिकवलं, वेबपेज करून दाखवलं, तर पत्रिका छापायच्या आत आपण 'संगणकवाले' का होऊ नये? दयाराम घरत (संगणकवाले). पनवेलच्या व्याह्यांना शोभेल असं नाव होतं.

शेजारच्या अंबाजी नानांना त्यांनी हे अर्धवट सांगितलं. नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांच्यापुढे अर्धवट सांगितलेलं पूर्ण होतं.

"दया, तुजं बरोबर हाय," नाना सुपारी कातरत म्हणाले. "पन काम करून नाव पडत न्हाय, नाव लोकांच्या तोंडात बसवाय लागतं. मी सांगतो तसं कर. शाळंच्या फाटकावर बोर्ड लाव. मार्गदर्शक, दयाराम घरत, कंसात संगणकवाले. चार दिस लोक वाचतील, पाचव्या दिसी म्हनतील."

"स्वतःच कसं लिहायचं, नाना?"

"मंग कुनाकडून लिहून घे. एसटीत न्हाय का, थांब्याचं नाव कुनी ठरवलं ते पाशिंजर इचारीत न्हाय."

सरांना सल्ला पटला नाही, पण बोर्ड लागला. तो नानांनीच लावला. त्यावर 'संगनकवाले' असं होतं आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी खाली खडूने 'हाय डिअर' लिहिलं होतं. सरांनी ते रुमालाने पुसलं आणि पहिला तास घ्यायला गेले.

पहिला तास पासवर्डचा. सरांनी आठवडाभर व्हिडिओ पाहून तयारी केली होती. पासवर्ड अवघड असावा, तो कुणाला सांगू नये, आणि विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून एक गुप्त प्रश्न ठेवावा, ज्याचं उत्तर फक्त आपल्यालाच माहीत असतं.

"उदाहरणार्थ," सर म्हणाले, "निकेत, तुझ्या आईचं माहेरचं आडनाव. हे फक्त तुला माहीत आहे."

"भगत!" सगळा वर्ग ओरडला. "किहीमची भगत!"

"बरं. तुझ्या पहिल्या शिक्षिकेचं नाव."

"मृणाल टीचर!" सगळ्यांनाच बालवाडीत मृणाल टीचर होत्या.

"तुझ्या घरातलं पहिलं पाळलेलं जनावर."

"मोती कुत्रा! तो भाविकाला चावला व्हता!"

भाविका पहिल्या बाकावर बसली होती. तिने पोटरी दाखवण्याची तयारी केली, ती सरांनी थांबवली. तासाच्या शेवटी फळ्यावर एकोणीस गुप्त प्रश्न होते आणि एकाचंही उत्तर सुरूवाडीत गुप्त नव्हतं. सर जरा हिरमुसले. व्हिडिओ करणाऱ्या लोकांनी शहर पाहिलेलं असावं, गाव पाहिलेलं नसावं.

दुसरा तास अनोळखी व्यक्तींचा. अनोळखी माणसाला नाव, पत्ता, फोन नंबर, फोटो देऊ नये.

"सर, अनोळखी म्हंजे कोन?" निकेतने विचारलं.

प्रश्न खोडसाळ नव्हता. समुद्रावर मुंबईचे पर्यटक येतात, त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर निघतो कुणाच्या तरी मेव्हण्याचा साडू. सरांनी विचार करून सांगितलं, "ज्याच्या घरी तुम्ही जेवलेला नाहीत तो अनोळखी." ही व्याख्या त्यांची स्वतःची होती आणि ते दिवसभर त्या व्याख्येवर खूश होते.

मुलांनी ती मनावर घेतली. दुसऱ्याच दिवशी कुरिअरवाल्याला गावात कुणी पत्ता सांगेना. तो गेली सहा वर्षं येतो, पण जेवलेला कुणाकडेच नाही. आरोग्य खात्याच्या बाईंना एका पाचवीतल्या मुलीने दारात उभं करून ओळखपत्र मागितलं, ते पाहिलं, आणि तरीही आई घरात आहे की नाही ते सांगितलं नाही. आई आतून 'कोन गं?' म्हणून ओरडत होती. सर्वांत वाईट म्हणजे रावजीशेठच्या नातवाने आजोबांचा फोन सुरक्षित करून टाकला. रावजीशेठ हे शाळा समितीचे अध्यक्ष, बारा ट्रकांचे मालक. नातवाने नवा पासवर्ड घातला आणि तो आजोबांना सांगायला नकार दिला, कारण सरांनी कुणालाच सांगायचा नाही म्हटलं होतं. त्या दिवशी शेठचे तीन ट्रक तीन ठिकाणी मालक काय म्हणतात याची वाट पाहत उभे राहिले.

शेठ शाळेत आले. "मास्तर, तुमी पोरांना शिकवताय का आमच्या अंगावर घालताय?"

"शेठ, नातू हुशार आहे तुमचा."

"हुशार हाय म्हनूनच तं फोन उघडत न्हाय!"

सरांनी नातवाची समजूत काढली. नातवाने आजोबांचा फोन उघडून दिला, पण आजोबांना तोंड फिरवायला लावून. शेठनी तोंड फिरवलं. हा अपमान ते सरांच्या खात्यावर जमा करून निघून गेले, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

मग वेबपेजचं काम निघालं. त्यात भाविका तरबेज निघाली. सरांनी एकदा फळ्यावर लिहिलं की कंसासारख्या खुणांमध्ये काय घातलं म्हणजे अक्षर मोठं होतं आणि काय घातलं म्हणजे चित्र येतं, आणि पुढच्या तासाला ती सरांच्या चुका दाखवायला लागली. सरांना आधी राग आला, मग हायसं वाटलं. फुकट जागा देणारं एक संकेतस्थळ तिनेच शोधलं. शाळेत नेट मात्र फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ यायचं, तेव्हा चालू असलेला एक संगणक टाकीशेजारी नेण्यात आला आणि त्यावर छत्री धरायला दोन मुलं नेमण्यात आली. उन्हाने पडदा दिसत नसे.

वरच्या कार्यालयाचं दुसरं पत्र आलं. वेबपेजची छापील नक्कल तीन प्रतींत सादर करावी, प्रत्येक प्रतीवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असावा, आणि वेबपेजचा पासवर्ड बंद लखोट्यात वेगळा पाठवावा. सरांनी पासवर्ड कागदावर लिहिला, लखोट्यात घातला, लाख लावली. शाळेच्या कारकुनाने लखोटा हातात घेऊन विचारलं, "आत काय आहे? जावक नोंदवहीत विषय लिहावा लागतो." सरांनी 'पासवर्ड' म्हणून सांगितलं. "कोणता? पत्र दहा आणि पत्र अकरा वेगळं कसं कळणार?" नियम नियम असतो. संध्याकाळी जावक नोंदवहीत तो पासवर्ड मोत्यासारख्या अक्षरात नोंदला गेला, आणि ती नोंदवही सर्वांना पाहता यावी म्हणून दाराशी टेबलावर असते.

तरी या सगळ्यात सरांचं एक समाधान होतं. पान होत आलं होतं. मुलं गावभर वह्या घेऊन फिरत होती, माहिती गोळा करत होती. काय गोळा करत होती ते सरांनी पाहिलं नाही. ते स्वतः गावच्या खाडीचा भूगोल लिहिण्यात गुंतले होते. पान प्रसिद्ध झालं त्या दिवशी त्यांनी ते गच्चीवर, छत्रीखाली, पहिल्यांदा पूर्ण वाचलं आणि त्यांना घाम फुटला. तो उन्हाचा नव्हता.

'आमचं गाव सुरूवाडी' या मथळ्याखाली एकशे दहा घरांची यादी होती. घराचं आडनाव, कंसातलं नाव, कर्त्या माणसाचा फोन नंबर, घरात माणसं किती. इथवर एक वेळ ठीक होतं. पण पुढे 'विशेष माहिती' नावाचा रकाना होता आणि पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून मुलांनी तो मनापासून भरला होता. घरत (चौदावाले): महाशिवरात्रीला चार दिवस सगळे हरिहरेश्वरला जातात, चावी आवडाबाईंकडे. घरत (बोटवाले): पुरुष माणसं समुद्रावर असतात, दुपारी आजी एकट्या असतात, त्यांना ऐकू कमी येतं. म्हात्रे (पेटीवाले): मागचं दार नुसतं लोटलेलं असतं, ढकलावं. सुरूवाडीत घर बंद करून गेलं की चावी आवडाबाईंकडे ठेवतात, ही पन्नास वर्षांची पद्धत आहे. आवडाबाईंच्या ओसरीवर खुंट्यांची रांग आहे. पानावर त्या खुंट्यांचा फोटो होता, आणि कोणती खुंटी कोणाची ते नीट लिहिलं होतं.

"भाविका," सर कसेबसे म्हणाले, "अनोळखी माणसाला माहिती द्यायची नाही असं आपण शिकलो ना?"

"व्हय सर. पन हे तर आपल्या गावाचं पान हाय. अनोळखी माणूस आपल्या गावाचं पान कशाला वाचेल?"

तोवर दोनशे बारा जणांनी ते वाचलं होतं. सगळे सुरूवाडीचेच निघाले, मुंबईत, पनवेलला आणि आखाती देशांत राहणारे. दुबईहून एकाने खाली अभिप्राय लिहिला होता: 'उत्तम उपक्रम. फक्त एक दुरुस्ती, आमची चावी आता आवडाबाईंकडे नसते, विहिरीच्या कठड्याच्या तिसऱ्या फटीत असते.'

सरांनी तिथल्या तिथे पान उतरवलं आणि मुलांना बसवून एकेक ओळ पुसायला लावली. ही का धोक्याची, ती का धोक्याची, हे मुलांना आधीच्या सगळ्या तासांत कळलं नव्हतं इतकं चांगलं या वेळी कळलं. फोन नंबर गेले. चाव्या गेल्या. खुंट्या गेल्या. आणि मग सरांचा हात कंसांवर थांबला.

खरं सांगायचं तर सुरक्षिततेच्या कुठल्याही व्हिडिओत टोपणनावाचा उल्लेख नव्हता. पण सरांच्या आत जो एक वधूपिता बसला होता, तो म्हणाला, हीच वेळ आहे. "टोपणनाव हीसुद्धा वैयक्तिक माहिती आहे," सर मुलांना म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच जरा पातळ वाटला. "सगळे कंस काढा."

मुलांनी काढले. सुधारित पानाच्या छापील प्रतींपैकी एक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. गावाने ती वाचली. घरत, घरत, घरत, घरत. एकेचाळीस वेळा. चाव्या छापल्या तेव्हा एक माणूस तक्रार घेऊन आला नव्हता, उलट आवडाबाईंनी फोटो छान आल्याचं सांगितलं होतं. कंस गेल्यावर मात्र संध्याकाळी सरांच्या अंगणात तीस माणसं उभी राहिली.

"माज्या बापानं जिल्ह्यात पयला बाराचाकी ट्रक आनला," रावजीशेठ म्हणाले. त्यांच्या घराचं नाव 'बाराचाकी'. "तवा आमचं ते नाव पडलं. ते पुसाया तुमी कोन?"

"शेठ, सुरक्षिततेच्या दृष्टीने..."

"आनि आमचं चौदावाले कुठं गेलं?" मधुमेही घरत पुढे आले. "जिलबी तं सुटली, आता नावपन सोडू?"

अंबाजी नाना कुंपणावरून वाकून म्हणाले, "दया, मी बोर्ड लावाय सांगितला व्हता. सगळ्यांचे बोर्ड काढाय न्हाय."

कमळताई दारात उभ्या होत्या. त्यांना कारण माहीत होतं, आणि त्या क्षणी त्यांना नवऱ्याची इतकी कीव आली की त्यांनी तीसच्या तीस माणसांना चहा विचारला. माणसं चहा प्यायली आणि कंस परत आणायचा ठराव अंगणातच करून गेली.

कंस परत आले. भाविकाने एकेक करून सगळी नावं टाकली. सरांच्या घरापुढे मात्र ती थांबली असावी. गुरुजनांच्या नावापुढे तसलं लिहिणं तिला जड गेलं, आणि ठरावाप्रमाणे कंस तर हवाच होता. म्हणून तिने नुसता रिकामा कंस टाकला. जो कुणी पान पाही तो आधी तिथेच अडके आणि आत काय म्हणून विचारी. सांगायला सगळं गाव तयार होतं.

पंधरवड्याचा समारोप दोन दिवसांवर आला. अलिबागहून पाहुणे येणार होते, पान मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. मधल्या सुट्टीत सर भूगोलाच्या खोलीत नकाशे गुंडाळत होते, तेव्हा भाविका दारात येऊन उभी राहिली. डबा हातात होता, उघडलेला नव्हता.

"सर, तुमचं झालं व्हतं ना, तसंच माजं झालंय."

सरांनी नकाशा खाली ठेवला.

मुरुडला तिची मामेबहीण आहे, सोनल. तिच्या नावाने, तिच्याच फोटोने तिला संदेश आले. एका स्पर्धेसाठी तुझा फोटो हवाय. भाविकाने पाठवला, शाळेच्या गणवेशातला, साधा. मग दुसरा मागितला, वेगळा. तो तिने दिला नाही. तेव्हा भाषा बदलली. पाठव, नाहीतर पहिल्याचंच काहीतरी करून गावभर टाकतो. चार दिवस हे चालू होतं. याच चार दिवसांत ती गच्चीवर बसून एकेचाळीस घरतांचे कंस भरत होती.

"घरी सांगितलंस?"

"न्हाय. आधी तुमाला."

"मलाच का गं? मृणाल टीचर आहेत, मॅडम आहेत."

"त्या चांगल्या हायत." भाविका डब्याच्या झाकणाकडे पाहत म्हणाली. "पन त्यांना सांगताना मेल्याहून मेल्यासारखं व्हईल. तुमच्यावर तं अख्खं गाव हसलं सर. मी सातवीत व्हते. आमाला वाटलं, सर आता येत न्हाईत. आनि दुसऱ्या दिसी तुमी आलात. पयल्या तासाला आलात आनि कोकनातल्या नद्या शिकवल्यात. सगळी पोरं मागं हसत व्हती, तुमी नद्या शिकवीत व्हता." तिने नाक पुसलं. "मला वाटलं, सर आले, तं मी पन उद्या शाळेत येईन."

दयाराम सर त्या दिवशी शाळेत गेले होते, कारण त्यांची किरकोळ रजा संपलेली होती. अर्ज लिहून तयार होता, तो कारकुनाने परत केला होता. नद्या त्यांनी शिकवल्या, कारण मुलांकडे तोंड करायची हिंमत नव्हती आणि नद्या फळ्यावर काढता येतात. हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मग त्यांनी काय करायचं ते केलं, आणि या वेळी एकही गोष्ट चुकली नाही. संदेश पुसू दिले नाहीत, सगळ्या संदेशांचे फोटो काढून ठेवले. सुचिता मॅडमना बोलावलं, भाविकाच्या आईला बोलावलं. आई आधी मुलीच्या अंगावर धावली, तेव्हा सर मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मी बावन्न वर्षांचा आहे, भूगोल शिकवतो, आणि मला फसवलं. ती चौदाची आहे आणि तिने चार दिवसांत ओळखलं. तिला शाबासकी द्या." आई मुलीला जवळ घेऊन रडली. दुपारी चौघं मिळून पोलिसांत गेली, तक्रार दिली, ते खातं बंद झालं. मुरुडची खरी सोनल बिचारी घाबरून तीनदा फोन करत होती. गावात कुणालाही काही कळलं नाही. सुरूवाडीत न कळलेली ती पहिलीच गोष्ट असावी, आणि ती कळू नये म्हणून सर त्या आठवड्यात अंबाजी नानांकडे सुपारी खायलासुद्धा गेले नाहीत.

समारोप झाला. पान पडद्यावर आलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. भाविका शाळेत होती, पहिल्या बाकावरच, आणि प्रश्नांना उत्तरं देत होती. रावजीशेठ अध्यक्षीय भाषणाला उठले. मधल्या काळात नातवाने त्यांना स्वतः फोन सुरक्षित करायला शिकवलं होतं आणि आता ते स्वतःचा पासवर्ड नातवाला सांगत नसत, त्यामुळे त्यांचा मूड चांगला होता.

"पानावर एक कंस रिकामा हाय," शेठ म्हणाले. "गावाला ते बरं दिसत न्हाय. अध्यक्ष म्हनून मी सांगतो, आजपासून आमचे हे सर 'संगनकवाले'!"

गावाने टाळ्या वाजवल्या. अंबाजी नानांनी सर्वांत जोरात वाजवल्या, कारण बोर्ड त्यांचा होता. कमळताईंनी पदराने डोळे टिपले आणि शेजारच्या बाईला सांगितलं की आता पत्रिका छापायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सर मजकूर घेऊन रेवदंड्याला छापखान्यात गेले. वरती गणपती, खाली श्रीकृपेकरून, मग प्राप्तीचं नाव, मग त्यांचं. छापखानेवाला ओळखीचा होता. त्याने संगणकावर जुळणी करता करता विचारलं, "सर, कंसात काय? संगणकवाले ना? कालच कळलं आमच्याकडे."

सरांनी पडद्यावरच्या त्या रिकाम्या कंसाकडे पाहिलं. पनवेलचे व्याही विचारतील. कमळताई दोन दिवस बोलणार नाहीत, चार दिवससुद्धा. पण सुरूवाडीत पत्रिका घरोघर जाते, भिंतीवर वर्षभर राहते, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी सातवी-आठवीतलं असतं. उद्या त्यातल्या एखाद्याला असंच कुणी फसवलं, तर कुठल्या दाराशी जायचं ते समजायला हवं.

"हायडिअर," सर म्हणाले.

छापखानेवाल्याचा हात थांबला. "नक्की? छापलं की छापलं, सर. बारीक टाईपात घेऊ का? फार कुणाच्या लक्षात येणार नाही."

"नको," दयाराम सर म्हणाले. "मुलांना लांबून वाचता आलं पाहिजे."